मामांनी लिहिलेलं पत्र

पहाटे पावणेचारला लांगीचा दिवस सुरू व्हायचा. छावणीत धावायची हजेरी सहाला, पण तिला दोन तास आधी लागायचे. आधी दाढी, तीही दोनदा, कारण अकरा वर्षं बाईच्या हार्मोनच्या गोळ्या घेऊनही हनुवटीवरचे केस हार मानत नव्हते. मग छातीवर रुंद पट्टी आवळायची, वर जाड बनियन, वर गणवेश. नंतर वर्कशॉप. ओळीने उभ्या ट्रकांखाली तेल गळलंय का, ते ती स्वतः जमिनीवर पाठ टेकून बघायची. खरं तर हे काम हाताखालच्या पोरांचं. पोरं बघत, पण उभ्याउभ्या.

छावणी हवाईत. तिचं गाव तिथून विमानाने साडेपाच तास दक्षिणेला, अमेरिकेच्या ताब्यातल्या सामोआत, तुटुइला बेटावर. तिकडे घरटी एक तरी माणूस अमेरिकेच्या सैन्यात असतो. दुसरी नोकरी म्हणजे बंदरावरची कॅनरी, जिथे ट्यूना मासा सोलून डब्यात भरतात. लांगीची आई फासाओ बाविसाव्या वर्षी कॅनरीत लागली ती एकसष्टाव्या वर्षीही तिथेच उभी होती. बोटं वाकडी झालेली, गुडघे सुजलेले.

लांगीचा हिशोब साधा होता. वीस वर्षं पुरी करायची. मग जन्मभर पेन्शन. ज्या दिवशी पहिली पेन्शन हातात पडेल त्या दिवसापासून आई कॅनरीत जाणार नाही आणि लांगी आईजवळून हलणार नाही. जन्मतः मुलगा, पण मनाने आणि वागण्याने बाई, अशांना सामोआत फाआफाफिने म्हणतात. म्हाताऱ्या आईबापांजवळ राहायचं ते बहुतेक वेळा त्यांनीच. गावाला त्यात नवल नाही. भावंडं संसार थाटतात, फाआफाफिने चूल सांभाळते.

सैन्याच्या कागदावर मात्र नाव लाफाएले, नोंद पुरुष. गोळ्या शहरातल्या खाजगी डॉक्टरच्या, रोख पैसे देऊन. पलटणीत बहुतेकांना सगळं ठाऊक होतं. कॅप्टन ड्रिस्कललाही ठाऊक होतं. पण पाच टनी ट्रकचा गिअरबॉक्स एका दिवसात उतरवून, दुरुस्त करून, परत चढवणारं माणूस छावणीत दुसरं नव्हतं. त्याने कधी काही विचारलं नाही. पोरं थट्टा करायची, पण बेतानं. एका कॉर्पोरलने एकदा विचारलं, “सार्जंट, आज तुम्ही दाढी केली की दाढीने तुम्हाला?”

“तू आधी ट्रकखाली जा,” ती म्हणाली. “नाहीतर तो तुझ्या अंगावर येऊन दाखवेल काय गळतंय ते.”

साडेसतरा वर्षं झाली तेव्हा वरून हुकूम आला. तिच्यासारख्यांना यापुढे सैन्यात जागा नाही. ठरलेल्या तारखेच्या आत स्वतःहून सही केली तर जाताना मिळणारी रक्कम दुप्पट. नंतर उघडकीला आलं तर निम्मी, आणि पेन्शन दोन्हीकडे नाही.

लांगीने सही केली नाही. कागदावर ती पुरुष होती आणि अडीच वर्षं पुरुष राहायची तिची तयारी होती. गोळ्या बंद केल्या. रविवारी घालायचे कपडे पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं. शहरात फिरणं सोडलं. महिन्याभरात आवाज जड झाल्यासारखा तिला वाटू लागला, अंग ओळखीचं राहिलं नाही. ओझं उचलताना माणूस बोलत नाही, बोललं की दम जातो. तारीख निघून गेली. कोणी तिला बोलावलं नाही.

चूक एवढीच झाली, की तिने आईला फोनवर सांगितलं. प्रार्थनेनंतर सगळं घर जेवायला बसलं होतं. असा असा हुकूम आहे, मी गप्प राहून दिवस काढतेय, काळजी करू नकोस, इतकंच ती म्हणाली. फासाओ हसली. म्हणाली, यात लपवायचं काय, अख्ख्या गावाला माहीत आहे. आणि तिने ते आपल्या भावाच्या कानावर घातलं.

पेनिआमिना मामा घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख. सामोआत कोणावर बोट उठलं तर तो माणूस स्वतः तोंड उघडत नाही. त्याचा मताई उभा राहतो, आमचं माणूस कसं आहे ते सांगतो, आणि तिथे विषय मिटतो. मामांनी अशी भांडणं आयुष्यभर मिटवली होती. त्यांना वाटलं, सैन्यातले लोक परके, पोरगी कुठल्या घरची हे त्यांना कळलेलं नाही. तेवढं कळलं की झालं.

त्यांनी पत्र लिहायला घेतलं. चार दिवस लागले. सामोअन भाषेत लिहिलं, शाळेतल्या बाईंकडून इंग्रजी करून घेतलं, एक शब्द पटेना म्हणून परत गेले. पास्टरची सही घेतली, गावच्या मुखियाची घेतली. गुडघा धरलेला असताना बस बदलून पागो शहरातल्या टपाल कचेरीत स्वतः गेले, कारण असलं पत्र दुसऱ्याच्या हाती द्यायचं नसतं. लांगीला कळवलं नाही. मोठ्यांनी पोरांसाठी केलेलं बोलून दाखवायचं नसतं.

लांगी चाकाचं बेअरिंग बदलत होती तेव्हा कॅप्टनचा निरोप आला. तिने हात पुसले आणि गेली.

“बसा, सार्जंट. तुमच्या घरून आलंय.”

तिने वाचलं. आमचा लाफाएले, जिला आम्ही लांगी म्हणतो, चार वर्षांची असल्यापासून फाआफाफिने आहे. आम्ही सर्वांनी तिला बाई म्हणूनच वाढवलं. ती कष्टाळू आहे, देवभीरू आहे, थोरांचा मान राखते. कोणी तिच्याबद्दल वेगळं सांगत असेल तर तिच्यासाठी आम्ही जबाबदार आहोत. खाली तीन सह्या, गावाचा शिक्का.

“पत्र मी उघडलं असतं तर फाडलं असतं,” कॅप्टन म्हणाला. “कारकुनाने उघडलं. नोंद झाली.”

तिने पत्र घडी घालून मेजावर ठेवलं.

“एक वाट आहे. तुम्ही लिहून द्या की मामा म्हातारे झालेत, त्यांनी खोटं लिहिलं. बाकीच्यांनी न वाचता सह्या केल्या. एवढा कागद मला पुरे. पुढचं मी बघतो. दुपारपर्यंत आणा.”

ती वर्कशॉपमध्ये परतली. बेअरिंग बसवलं, वंगण भरलं, चाक चढवलं, दहाही नट पान्याने ठरल्या जोराला आवळले आणि पुन्हा एकदा तपासले. अडीच वर्षं एका कागदावर होती. आईची वाकडी बोटं त्याच कागदावर होती. पण त्याच कागदावर मताई खोटारडा ठरणार होता, शेजारी पास्टर, आणि खाली तिची सही. त्या सहीनिशी पेन्शन घेऊन ती कोणत्या गावात राहायला जाणार होती? बारा वाजायच्या आत ती कॅप्टनसमोर उभी राहिली.

“मामा खोटं लिहीत नाहीत, साहेब.”

कॅप्टनने पेनाचं टोपण काढलं, लावलं. “म्हणजे काय होईल ते ठाऊक आहे ना?”

“आहे.”

सात आठवड्यांनी तिला सैन्यातून काढलं. संचलन नाही, निरोप नाही. रक्कम निम्मी.

विमानतळावर मामा फुलांच्या माळा घेऊन उभे होते. आठवड्याने मेजवानी झाली. सैन्यातून आलेल्याने हात आखडता घेतला तर घराण्याची मान खाली जाते. लांगीने डुकरं आणली, डबाबंद मांसाची खोकी आणली, पास्टरला, गावाच्या वतीने बोलणाऱ्या वक्त्यांना, मुखियाला पाकिटं दिली. मामांनी भाषण केलं. साडेसतरा वर्षं ते इतक्या थाटात म्हणाले, की कोणाला वीसची आठवण झाली नाही.

नंतर चुलीमागे ती केळीच्या पानांनी हात पुसत होती, तिथे मामा काठी टेकत आले. म्हणाले, “पोरी, माझं पत्र पोचलं होतं का?”

“पोचलं, मामा. साहेबांनी नीट वाचलं.”

“मग काढलं कसं तुला?”

“साहेबाच्या वर साहेब असतात.”

मामांनी मान हलवली. “माझंच चुकलं मग. वरच्यालाच लिहायला हवं होतं.”

“तुम्ही सगळं बरोबर केलंत,” ती म्हणाली आणि त्यांना बसायला ओंडका ओढून दिला.

राहिलेल्या पैशांतून घराचे पत्रे बदलले, आईला दात बसवले, चुलतभावाच्या लग्नाचा भाग उचलला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, चार महिने चालल्या. बेटावर गॅरेजं थोडी, ती ज्याच्या त्याच्या घरची, बाहेरच्याला काम नाही. नवव्या महिन्यात लांगीने कॅनरीत नाव नोंदवलं. काम आईच्याच पाळीत मागितलं. शेवटच्या नोटा घेऊन ती बाजारात गेली आणि पांढऱ्या रबरी बुटांचे दोन जोड घेऊन आली, एक फासाओच्या मापाचा, एक स्वतःच्या.