दिवा लावण्याआधी

युद्ध संग्रहालयातल्या खोट्या खंदकात आम्ही दाटीवाटीने बसलो होतो. मी, काका-काकू आणि काही अनोळखी माणसं. दिवे गेले आणि तोफांचा आवाज सुरू झाला. आवाज रेकॉर्ड केलेलाच, पण खालचं बाक थरथरत होतं. कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. काकूची बोटं माझ्या मनगटावर घट्ट आवळली गेली.

एकदम लख्ख उजेड पडला. तिन्हीसांजेला घरात दिवा लागला की जोडतो, तसे काकूने सवयीने हात जोडले. मीही जोडले. शेजारी बघतो तर काका गुडघ्यांत डोकं खुपसून बसलेले, दोन्ही हात मानेवर. फौज सोडून त्यांना किती वर्षं झाली!

बाहेर स्मारकापाशी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तिकडं रात्री उजेड पडला की समजायचं, त्यांनी आपल्याला बघितलं."

शिळेवरची नावं उन्हात झळकत होती. यांतल्या किती जणांनी शेवटचा पाहिला तो उजेडच असेल, ज्याला आपण घरी हात जोडतो?

संध्याकाळी घरी परतलो. अंधारू लागलं तशी काकू उठली. बटणावर बोट ठेवून, आतल्या खोलीकडे तोंड करून ती रोजच्यासारखी म्हणाली, "अहो, दिवा लावतेय हं."

लहानपणापासून हे ऐकत आलोय. मला वाटायचं, ती त्यांना नमस्काराला बोलावते.

आतून काका म्हणाले, "हं, लाव."

तेव्हाच तिने बटण दाबलं.