गरमागरम

खाडीतल्या बेटावर होडीतून उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. जिथे जेवण सांगितलं होतं, तिथल्या काकूंनी ताट वाढलं. तळलेली सुरमई, सोलकढी, मागे माडांतून चमकणारं पाणी. मी मोबाईल काढला. वाटी सरकवली, लिंबाची फोड फिरवली. उजेड जमेना म्हणून ताटच उचलून पायरीवर ठेवलं. तव्यावरची भाकरी हातात घेऊन काकू तशाच उभ्या.

"माझो हात येता काय मधी?" असं विचारून त्या मागेही सरकल्या.

माझं आटोपल्यावर त्यांनी भाकरी चाचपली. "ही निवली. दुसरी करतंय." निवलेली त्यांनी स्वतःसाठी झाकून ठेवली.

प्रवासात आपण जग बघतो म्हणे. समोरच्या माणसाला बाजूला व्हायला लावायचं आणि उरेल त्याला सुंदर म्हणायचं, एवढंच तर करतो.

परतीच्या होडीत, घरच्यांना पाठवलेला फोटो पुन्हा पाहिला. कडेला काकूंची बोटं आलीच होती, भाकरी धरून थांबलेली. खाली मीच लिहिलं होतं, 'गरमागरम!'

वाचून माझी कानशिलं तेवढी तापली.