अण्णांचं चोरीला गेलेलं ऊन

जगातली कुठलीही गोष्ट दिसते तशी नसते, अगदी सकाळसुद्धा, असं मानणारा माणूस सोलापुरात एकच आहे आणि मी त्याच्याच घरात भाड्यानं राहतो. हे आमचे घरमालक अण्णा. देवळात गेले की ते आधी देवाकडे रोखून बघतात, मग हात जोडतात. कुलूप लावलं की कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात, ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात, आणि मी ओढलं की म्हणतात, "कुलपाची लई सवय दिसतीया हाताला." कलिंगडवाल्यानं फळ गोड निघेल म्हणून शपथ घेतली तर ते फळ अण्णा खाली ठेवतात, कारण शपथ घेणाऱ्याला आतलं काहीतरी ठाऊक असतं. आणि जो शपथ घेत नाही तो तर त्यांना त्याहून बेरकी वाटतो. त्यामुळे आमच्या घरी कलिंगड येतच नाही. कुणाकडचा प्रसाद आला तर तो आधी दुसऱ्या कुणीतरी खावा लागतो. हा दुसरा कुणीतरी म्हणजे मी.

मी गडचिरोलीकडचा. शाळा आठवीत सुटली आणि पोटामागं फिरत फिरत इथं सोलार बसवणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली लागलो. काम मिळालं, पण परमुलखातल्या एकट्या पोराला भवानी पेठेत कुणी खोली देईना. अण्णांनी दिली. देताना म्हणाले, "तुझ्यावर माझा काडीचा इस्वास न्हाय. म्हणूनच हितं ऱ्हा. ज्याच्यावर इस्वास न्हाय त्यो डोळ्यापुढं असावा." आमच्याकडे थोरामोठ्यांना 'हो जी' म्हणायची रीत आहे, तर अण्णा मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, म्हणाले, "येवढं ग्वाड बोलतंय, काय तरी दडवतंय." पण पहिल्याच पावसाळ्यात मी तापानं फणफणलो, तेव्हा याच माणसानं औषधाच्या पाकिटावरची तारीख भिंगातून वाचली, दुकानदाराकडे परत जाऊन त्याच्याकडूनही वाचून घेतली, आणि मी गोळी खरोखर गिळली का हे बघायला मला 'आ' करायला लावलं. माझ्या आईला फोनवर एवढंच सांगितलं, "पोरगं नजरंखाली हाय तुमचं." तेव्हापासून आई निवांत झोपते. तिला काय ठाऊक, ती नजर कसली आहे ते!

मग अण्णांनी शहराच्या कडेला घर बांधलं. आजूबाजूला मोकळे प्लॉट, बाभळी आणि वारा. मावशी म्हणतात, ह्यांनी जुन्या घरातनं दोनच वस्तू जपून आणल्या, छतावरचे सोलार पॅनल आणि भाडेकरू. पॅनल उतरवून नव्या गच्चीवर बसवायचं काम उस्तादांनी माझ्यावर सोपवलं. माझं एकट्याचं पहिलंच काम. काय सांगू, प्रत्येक नट मी दोनदा आवळला. भांड्यावर नाव घालावं तसं पॅनलवर घालता येत नाही, म्हणून अण्णांनी प्रत्येक पॅनलच्या पाठीला मावशींची एकेक टिकली चिकटवली, वाटेत कुणी अदलाबदल करू नये म्हणून. टेम्पोतही ते ड्रायव्हरकडे पाठ करून, पॅनलवर डोळे लावून बसले होते.

सगळं बसलं, वीज सुरू झाली, उस्तादांनी पाठ थोपटली. आणि आठवड्याभरात वीज निम्म्यावर आली. ऊन तेच, पॅनल तेच, पण भिंतीवरच्या इन्व्हर्टरवरचा विजेचा आकडा दुपारीसुद्धा वर चढेना. वैद्यानं नाडी धरावी तसे अण्णा त्याच्यासमोर बसायचे. आधी त्यांचा संशय उन्हावर गेला. "हिकडचं ऊन पातळ हाय. पेठंत कसं चटका द्यायचं." मग गेला लांबच्या शेजाऱ्यावर, कारण त्याच्या घरात दिवे फार उजळ दिसत होते. शेवटी अण्णा पॅनलखाली उताणे झोपून सरकत गेले, बाहेर आले, आणि गुडघे झटकत माझ्याकडे वळले. एका पॅनलमागची टिकली नव्हती.

"पॅनल बदललंस."

"नाही जी! गळून पडली असेल."

मावशी म्हणाल्या, "अवो, माझ्या कपाळावर दुपारपतुर टिकत न्हाय, तितं काय टिकतीया!" पण बायकोच्या साक्षीवर अण्णांचा कधीच भरवसा नव्हता. ते म्हणाले, रविवारपर्यंत उलगडा झाला तर ठीक, नाहीतर खोली मोकळी कर, आणि उस्तादांना मी स्वतः सांगतो की पोरगं हातचलाख हाय. खोली गेली तर काम जाणार, काम गेलं तर आईला काय तोंड दाखवू? जिच्या पोरावर नजर ठेवायला कुणीतरी होतं, त्या माउलीला?

उस्ताद दोनदा येऊन गेले. गच्चीची किल्ली अण्णांच्या गळ्यात. प्रत्येक वेळी अण्णा आम्हाला जिन्यातच थांबवायचे, "थांबा, वाळवण काडतो," म्हणून एकटे वर जायचे, बऱ्याच वेळानं हाक मारायचे. आम्ही काचा पुसल्या, जोड उघडून पुन्हा दाबले, पॅनलांची दिशा तपासली. आणि आकडा? एकदम झकास! उस्ताद म्हणायचे, "अण्णा, सब बराबर है, मशीन येकदम चोख हाय." ते गेले, की दुपारपर्यंत पुन्हा निम्मं. अण्णांचा निष्कर्ष तयार होता, "तुमी आला की ऊन परत ठिवता, गेला की नेता."

त्या दिवसांत रोज सकाळी मी मागच्या पायवाटेनं कामाला निघालो की अण्णा गच्चीच्या कठड्याशी उभे दिसायचे. डोक्याला टोपी, निळ्या चौकड्यांचा शर्ट, हात कमरेवर. मी खालून नमस्कार करायचो. एकदाही उत्तर नाही. माणूस इतका दुखावलाय, या विचारानं मी डबा न उघडताच परत आणायचो.

शनिवारी भर दुपारी विसरलेली पक्कड न्यायला मी घरी आलो. पायवाटेवरून वर पाहिलं तर अण्णा तसेच उभे. उद्या रविवार. मला राहवलं नाही. मी चपला काढल्या, हात जोडले आणि ओरडून म्हणालो, "अण्णा, देवाशपथ सांगतो जी, पॅनल तुमचंच आहे! मला घालवू नका. इथं मला तुमच्याशिवाय कोण विचारतं? मी कुणाच्या नजरेखाली राहू?" अण्णा हलले नाहीत. वाऱ्यानं बाही तेवढी फडफडली. मी डोळे पुसत घराला वळसा घालून पुढच्या दारानं आत शिरलो, तर अण्णा जमिनीवर मांडी घालून भाकरी आणि शेंगाची चटणी खात बसलेले.

"कुणासंगं बोलत व्हतास रं?"

"तुमच्याशीच जी."

अण्णांचा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "मग वर कोण आहे?" मावशींनी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "सांगा की आता! माझा दुसरा दादला वर हुबा करून ठिवलाय ह्यांनी!"

वर होतं ते बुजगावणं. डोक्याच्या जागी टोपी घातलेलं मडकं, अंगात अण्णांचा शर्ट, आत कडबा. मोकळ्या माळावर घर, चोराला धाक पाहिजे, म्हणून पॅनल बसवल्यावर अण्णांनी ते गुपचूप उभं केलं होतं. आणि राखणदार खोटा आहे हे बाहेरच्याला कळलं तर गावभर होईल, म्हणून आम्ही तपासायला आलो की आधी टाकीमागं लपवायचे. ते होतं दक्षिणेच्या कठड्याशी. हिवाळ्यातलं ऊन तिकडूनच तिरकं येतं. मी धावत वर गेलो तर बुजगावण्याची सावली खालच्या पॅनलांवर आडवी पसरलेली. पॅनल एकामागून एक जोडलेले असतात. पाण्याच्या घागरी हातोहात पुढं देणाऱ्या रांगेतला एक जण थांबला की मागचेपुढचे सगळेच खोळंबतात, तसंच हे. मी बुजगावणं उचलून उत्तरेला नेलं आणि वरूनच विचारलं, "अण्णा, आकडा?"

खालून आवाज आला, "वाडलाय. मशीन तर बिगडलं न्हाय न्हवं?"

जेवण पुरं करून ते माझ्या खोलीच्या दारात आले. चूक झाली, असं काही म्हणाले नाहीत. म्हणाले, "त्यो म्हातारा तितं येकटा दिसतोय. चोराला वाटंल, घरात तरणं कुणी न्हाय. तुजा येक शर्ट दे."

या गोष्टीला वर्षं झाली. आता अण्णांना जिना चढवत नाही. किल्ली खिळ्याला असते. वरचा शर्ट विटला की मी दुसरा घालतो, अण्णांच्या शेजारी माझा. संध्याकाळी कामावरून आलो की खुर्चीतून विचारतात, "वर कोण हाय?" मी म्हणतो, "तुम्ही आणि मी, जी." हे ऐकूनही पूर्वी ते माझ्या तोंडाकडे बारीक डोळे करून बघायचे, खरं बोलतोय का म्हणून. परवा त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि माझ्याकडे न बघताच ते खुर्चीत डोळे मिटून निवांत डुलकी घ्यायला लागले.