पाळकसाहेबांची भाकर

खोटं कशाला बोलू, त्या रविवारी ताट घेऊन निघाले तेव्हा माझ्या मनात प्रार्थना नव्हती. सूड होता.

परभणीच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या रविवारी अंथरुणाला खिळलेल्यांना येशूच्या आठवणीची भाकर अन् द्राक्षरसाचा प्याला घरी पोचवतात. ते काम मंडळीनं निवडलेल्या पंचांचं, आणि यंदा मी पंच. त्या दिवशी माझ्या वाट्याला आले आमचे जुने पाळक, चर्चचे धर्मगुरू. माझ्या आईची भाकर बंद करणारे हेच.

आई बायबल बाई. जिंतूरकडच्या खेड्यांत कधी एसटीनं, कधी पायी जाऊन बायांना येशूच्या गोष्टी सांगायची. तिचा भाऊ झरीला राहायचा, बौद्ध. तो वारला तेव्हा ती गेली, बुद्धवंदनेला सगळ्यांसोबत हात जोडले, मेणबत्ती लावली. झालं! पाळकसाहेब भर उपासनेत म्हणाले, "मंडळीसमोर उभी राहून माफी माग. तोवर भाकर नाही."

आई उठली. "भावाच्या मातीला गेले, त्याची कसली माफी?" एवढं म्हणून खाली बसली. पुढं नऊ वर्षं ताट तिला ओलांडून शेजारणीकडं जायचं. ती मान खाली घालायची अन् मी दात-ओठ खायचे. भाकरीविनाच गेली ती.

म्हातारा आता खाटेवर पडून होता. सुनेनं त्याला उशीला टेकवून बसवलं अन् ती आत गेली. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

"आधी कबुली, पाळकसाहेब," मी म्हटलं. "नियम तुमचाच हाय."

"कशाची, बाई?"

"माझ्या आईची भाकर तोडली, त्याची."

त्यानं पुढं केलेले हात मागं घेतले. मग म्हणाला, "तिची चूक न्हवती. चर्चचे वरचे लोक काय म्हणतील म्हणून मी भ्यालो. माफ कर."

अगं बाई, इतकं सोपं? नऊ वर्षांचा निकाल एका दमात? माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"हे असं घरात न्हाई. पुढच्या रविवारी मंडळीसमोर बोला. ऑटो मी आणते. भाकर मग."

त्याचे डोळे भरले. मला दया आली नाही.

"येतो," तो म्हणाला. "पण आज दे गं. रविवारपर्यंत राहतो का मी?"

"आई बी राहिली न्हवती."

मी ताटावर फडकं टाकलं. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. तो मी त्याच्यासमोर बसून, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्याले.