मधल्या प्रतीची कार्डं

खांबेटेकाकांचं हात धुणं हा आमच्या कोपरीच्या चाळीत थट्टेचा विषय होता. साबणाने कोपरापर्यंत धुवायचे, टॉवेलला पुसायचे नाहीत, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखे वर धरून वाळेपर्यंत गॅलरीत उभे राहायचे. मग पत्र्याची पेटी उघडायची. आणि पेटीत काय, तर फार पूर्वी सिगारेटच्या पाकिटांतून निघायची ती क्रिकेटपटूंची चित्रकार्डं! स्वतः माणूस सुपारीलाही न शिवणारा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखान्यातला पगार झाला की बाकीचे लोक पैसे पोस्टात टाकत, आणि काका ठाण्याच्या जुन्या बाजारात कार्डं शोधत फिरत. मी बँकेत कारकून आणि त्यांची शेजारीण. मला राहवायचं नाही.

"काका, एफडी करा हो," मी म्हणायचे.

"अगं, तुझ्या बँकेतला पैसा महागाईच्या मागे धापा टाकत पळतो," ते म्हणायचे. "कोरं करकरीत कार्ड आपल्या आवाक्यातलं नाही. फाटकं घ्यावं तर ती रद्दी. मधल्या प्रतीचं घ्यावं. कोपरे जरा झिजलेले, पण चेहरा स्वच्छ. त्याला गिऱ्हाईक कायम मिळतं, कारण जगात आपल्यासारखेच जास्त."

मला हे पटायचं नाही आणि नलूकाकूंना तर मुळीच नाही. "ह्या बाहुल्यांच्या जिवावर घर होणार आहे आमचं!" असं त्या भांडी घासताना सगळ्या चाळीला ऐकवायच्या.

नव्वदीनंतर काकांचा कारखाना बंद पडला, आणि पाठोपाठ मालकाने चाळ पाडायला काढली. काका-काकूंनी टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत खोली बघून ठेवली होती. मूलबाळ नव्हतं, दोघांना पुरेशी होती. तिथल्या बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची, हेसुद्धा काकूंनी ठरवलं होतं. डोंबिवलीचा एक व्यापारी मागे कार्डं पाहून गेला होता, केव्हाही आणा म्हणाला होता. काकांनी पेटी विकायचं ठरवलं आणि सोबतीला मला घेतलं. निघताना काकू माझ्या कानात म्हणाल्या, "तिथेच उघडू दे त्यांना. गंमत आहे."

दुकानात काकांनी हात धुतले, वाळवले, पेटी उघडली. आतलं प्रत्येक कार्ड लॅमिनेट केलेलं होतं.

काकूंनी भिशीचे पैसे खर्चून आदल्या दिवशी गुपचूप झेरॉक्सवाल्याकडून करून आणलं होतं. तेव्हा रेशनकार्डापासून दहावीच्या मार्कशीटपर्यंत सगळंच लोक लॅमिनेट करायचे. किमती कागद म्हणजे प्लास्टिकमध्ये बंद, हे आम्ही धरूनच चाललेलो. जन्मभर हिणवलेल्या बाहुल्यांना त्यांनी पहिल्यांदाच मान दिला होता.

"काका, ये क्या किया?" व्यापारी हळहळला. "आता हे प्लास्टिक निघायचं नाही. निघालं तर कागद घेऊन निघेल."

"आणि केलं नसतं तर?" काकांनी विचारलं.

"तर सगळी घेतली असती आज. मधल्या मालालाच तर गिऱ्हाईक आहे."

काकांनी पेटीचं झाकण लावलं. परतताना एवढंच म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बरोबर म्हणालं गं."

काकू दारातच उभ्या होत्या. "काय म्हणाला तो? आवडली का?"

"फार आवडली. तू काय सुरेख करून दिलीस! बघतच राहिला," काका म्हणाले. "पण मधल्या प्रतीला भावच नाही म्हणे. तू सांगत होतीस तेच खरं. माझा अंदाज साफ चुकला."

मी तोंड उघडलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

टिटवाळा राहून गेलं. विठ्ठलवाडीला पुतण्याच्या एका खोलीत, मध्ये पडदा लावून दोघं राहिली. काका तिथे फार दिवस टिकले नाहीत. तेराव्याला मी गेले, तेव्हा पडद्याआड काकूंनी माझा हात धरला.

"शेवटी कबूल केलं हो त्यांनी," त्या म्हणाल्या. "नाहीतर जन्मभर हट्ट. माझं वेळेवर ऐकलं असतं, तर आपल्या घरात डोळे मिटले असते गं."

"हो काकू," मी म्हटलं, "काकांचंच चुकलं."