भांगेच्या रोपांची माती

काल बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्ती-बागकामाच्या मोठ्या दुकानात, कंपोस्टची एक पिशवी फाटली आणि त्या ओलसर वासाने मला आमची एर्लांगेनची बाल्कनी आठवली. नवऱ्याची केमो चालू होती. उलट्या आणि दुखणं त्याला सोसेना, म्हणून इथे जर्मनीत कायद्याने चालतात तेवढी भांगेची तीन रोपं आम्ही लावली होती. गावाहून आलेल्या सासऱ्यांना मात्र आम्ही "आता काही त्रास नाही" असंच सांगत होतो. त्या दुपारी मी कंपोस्ट, गांडूळखत आणि कोकोपीट कालवत बसले होते, तेवढ्यात ते मागे येऊन उभे राहिले. त्यांनी एक पान चुरगाळून हुंगलं. "सूनबाई, ही भांग ना?" मी मान खाली घातली. "फार दुखतं का गं त्याला?" "हो, बाबा," मी म्हणाले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच रडले. ते रागावले नाहीत. बाह्या सरसावून शेजारी बसले आणि म्हणाले, "सरक, तू जरा टेक. मी कालवतो." मी भिंतीला टेकून डोळे मिटले. नवरा आता बरा आहे, रोज ऑफिसला जातो. माझा थकवा मात्र अजून गेलेला नाही. त्या सगळ्या काळात मला विश्रांती मिळाली ती तेवढा अर्धा तासच.