मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी

सांगलीच्या हळदपेठेत एका अडतपेढीवर मी हिशेब लिहिते. माधवनगरहून स्कूटरने जाऊन-येऊन करते. काही वर्षांपूर्वी पेढीची हळद परदेशी जायला लागली आणि बिलं कॉम्प्युटरवर आली. आम्ही तिघं कारकून होतो, त्यातले दोघे कमी झाले. उरलेली मी. नवऱ्याची गिरणी बंद झालेली, मुलगी कॉलेजात. माझा पगार थांबून चालणार नव्हतं.

निर्यातीची कागदपत्रं मुंबईचा एजंट करायचा. ते काम मला येत असेल तर मला काढणं पेढीला परवडणार नाही, इतका साधा माझा हिशेब. पुण्यात शनिवार-रविवारचा एक कोर्स होता. फी माझ्या दीड पगाराएवढी. ती पेढीने भरावी, असं मला वाटत होतं.

हमालांचे मुकादम कुंडलचे. त्यांना सांगितलं.

"आवं ताई, मग मुहूर्तालाच मागा की! त्या दिशी शेट कुणाला न्हाई म्हणत न्हाईत. मागल्या साली मी गाडी मागितली, मिळाली न्हवं?"

"ती हातगाडी होती."

"गाडी ती गाडीच की वो."

नव्या हळदीचे पहिले सौदे निघतात त्या दिवशी आमच्या पेढीवर 'नाही' हा शब्द कोणी उच्चारत नाही. चहा संपला तरी 'येतोय' म्हणायचं. त्या वर्षी मुहूर्ताला मी सगळ्यांना पेढे वाटले आणि काही मागितलं नाही. ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकारावर मला विसंबता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेटांसमोर जाऊन बसले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "काल का नाही मागितलंत?"

"काल तुम्हाला विचार करता आला नसता."

ते हसले नाहीत. एजंटला वर्षाला किती जातात ते मी सांगितलं. तो आकडा फीपेक्षा बराच मोठा होता.

"आणि शिकून दुसऱ्या पेढीवर गेलात तर?"

"दोन वर्षं जाणार नाही. पुढचं आज सांगता येत नाही."

शेटांनी समोरच्या नमुन्यातलं हळकुंड मोडून पाहिलं. मग म्हणाले, "तर मग अर्धे माझे, अर्धे तुमचे."

बाहेर आल्यावर मुकादम म्हणाले, "काल पुरं मिळालं असतं. लय खरं बोलणं म्हाग पडलं की वो ताई."

माझ्या वाट्याच्या फीसाठी भिशी लवकर उचलली. कोर्स झाला. पहिल्या दोन खेपांना एजंटला फोन करून विचारावं लागलं, तिसरीपासून नाही. एजंट सुटला, मी राहिले.

दोन वर्षं झाली, तेव्हा पुन्हा शेटांसमोर जाऊन बसले.

"कुठून बोलावणं आलंय?" त्यांनी विचारलं.

"कुठूनच नाही. मुदत संपली, तेवढं सांगायला आले."

 शेटांनी चहा मागवला आणि ते म्हणाले, "नवा कोर्स शोधून काढला असेल तर आत्ताच सांगतो, अर्धेच देईन."

तसा एक मी पाहून ठेवला होता.